उतारावरचा दिवा

"आजी, फक्त दहा मिनिटं," सामेजिमा तिसऱ्यांदा म्हणाला. "आठ ते आठ दहा."

"दहा मिनिटं म्हणजे फार झाली की रे," हात्सुआजी म्हणाल्या आणि त्यांनी मुरवलेल्या मुळ्याची बशी त्याच्यापुढे सरकवली. "खा आधी. राख झाडून घसा सुकला असेल."

सकाळपासून तो त्यांच्या छपरावर होता. साकुराजिमा ज्वालामुखीने आठवडाभर गावावर राखेची खैरात केली होती. सामेजिमाने ती बारा पिवळ्या पिशव्यांत भरून रस्त्याकडेला लावली, पन्हळी मोकळ्या केल्या, संत्र्यांची झाडंही धुऊन काढली. हौस म्हणून नव्हे. अडला हरी, दुसरं काय!

अकरा वर्षं तो खाडीपलीकडच्या धक्क्यावर उभा राहून रात्री पेटलेल्या डोंगराचे फोटो काढत होता आणि अकरा वर्षं शहराच्या स्पर्धेत दुसरा येत होता. परीक्षकांचं पालुपद ठरलेलं असे. डोंगर अप्रतिम, पण खालचा तो एक दिवा डोळ्यांत खुपतो. गावातली बाकी घरं टेकाडाआड, किनाऱ्याला होती. उतारावर घर एकट्या हात्सुआजींचं. त्यांच्या ओसरीवरचा दिवा संध्याकाळी लागला की उजाडल्यावरच विझायचा.

फोटोत खाडाखोड करायला मनाई होती. ती नसती तरी सामेजिमाने केली नसती, त्याचा बाणाच तसा होता. उद्या दुपारी प्रवेशिका बंद होणार होत्या. पुढच्या वर्षीपासून त्यालाच परीक्षक नेमलं होतं, म्हणजे स्पर्धेत उतरायचा मार्ग कायमचा बंद. पहिला यायचं तर आज रात्रीच.

"तुझ्या फोटोत आमचं गाव दिसतं का रे?" आजींनी विचारलं.

"मुळीच नाही!" सामेजिमा ताठ बसला. "माणसाची खूणसुद्धा नको. नुसता डोंगर आणि त्याची आग. असा डोंगर जगात दुसरा नाही, आजी. त्याच्यापुढे माणूस म्हणजे किस झाड की पत्ती!"

"असं म्हणतोस?" आजी हसल्या. "त्र्याऐंशी वर्षं त्याच्या पायाशी राहतेय. मला नाही बाई त्याची एवढी भीड."

"मग विझवाल ना?"

"माझ्या दिव्याकडे बघणारा तू एकटा नाहीस, फोटोवाल्या."

दुसरे फोटोवालेही येऊन गेले असणार, हे सामेजिमाने ताडलं. येईनात का! राखेच्या लोटात वीज नेमकी कधी चमकणार, हे ओळखणारी नजर त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हती.

"बघू देत," तो म्हणाला. "मी कुणाला भीत नाही."

आजींनी बशी आवरली. "बरं. आठला विझवते. होऊन जाऊ दे."

उतरताना वाटेत कोळी उचिदा भेटला. खांद्यावर फावडं होतं.

"आजींकडे काय काम काढलंत?"

"छपरावरची राख काढून दिली."

"आम्ही काढणारच होतो उद्या," उचिदा गुरकावला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

सामेजिमाने ते मनावर घेतलं नाही. तो वळसा घालून पलीकडच्या धक्क्यावर आला, तिकाटणं रोवलं, भिंगावर राख बसू नये म्हणून कॅमेऱ्याला छत्री बांधली.

बरोबर आठला दिवा गेला.

अकरा वर्षांत प्रथमच त्याने डोंगर असा अखंड काळा पाहिला. ऊर भरून आला. हा आपला डोंगर, असं त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं.

आठ वाजून चार मिनिटांनी डोंगराने तोंड उघडलं. लाल कारंजं उसळलं, जळते धोंडे उतारावर गडगडत आले. धमाका मागाहून पोचला आणि धक्क्यावरच्या बंद दुकानांच्या काचा थरथरल्या. सामेजिमा अर्धा अर्धा मिनिट शटर उघडं ठेवून फोटो घेत राहिला. नजर शिखरावरून हलली नाही. खाली बघण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

आठ वाजून नऊ मिनिटांनी एकदम तीन विजा राखेच्या लोटात कडाडल्या. शटर उघडं होतं.

"साधलं!" तो पोरासारखा नाचला. डोळ्यांत पाणी आलं. राखेमुळे आलं असं तो नंतरही कुणाला सांगणार नव्हता.

मग त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. विजा, आग, लोट, सगळं हवं तसं. आणि खाली, जिथे एक दिवा खुपत असे, तिथे उजेडाच्या बारीक रेघाच रेघा.

त्याने मान वर केली. टेकाडाआडून विजेऱ्या निघाल्या होत्या, काही अजून चढत होत्या. म्हातारीने चांगलंच मामा बनवलं! लोक बंदराकडे पळत असतील, असं क्षणभर त्याला वाटलं. पण बंदर डावीकडे होतं. रेघा पेटत्या डोंगराच्या दिशेने, उतारावरच्या त्या अंधाऱ्या घराकडे चालल्या होत्या.

त्याने आजींना फोन लावला. पलीकडे कल्ला चालला होता. कुणी रडत होतं. उचिदाचा आवाज सगळ्यांच्या वर होता, "पुन्हा दिवा विझवलास तर याद राख, आजी! आम्हाला वाटलं, गेलीस तू!"

"आजी, हे काय?" सामेजिमा ओरडला. "इशाऱ्याचा भोंगा झाला नाही का? बंदरावर जायचं सोडून ही माणसं वर कशी?"

"झाला ना भोंगा. निघालीच होती सगळी बंदरावर. माझा दिवा दिसला नाही, तशी माघारी फिरली." आजींचा आवाज अभिमानाने फुलला होता. "आता धोंड्यांपासून वाचायला बांधलेल्या आमच्या सिमेंटच्या आडोशात पाय ठेवायला जागा नाही बघ. तू फोटोतले उजेड नीट मोज हं. तीस भरले पाहिजेत. एकतिसावं तान्हं आहे, आईच्या पाठीवर बसून आलंय. मी सोडून गावात माणसंच तेवढी."