घरचं ग्रीस

सुनेने मोटरसायकलचं पुढचं चाक काढून अंगणात आडवं ठेवलं होतं आणि सासरे ग्रीसचा डबा घेऊन तिच्या डोक्यावर उभे होते.

"हे घे. भरपूर भर, हात आखडू नकोस."

"हे नको, बाबा. मी दुसरं आणलंय."

या घरात बाहेरचं ग्रीस आणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. सासरे गिरणीत फिटर होते. ते निवृत्त झाले तेव्हा हा पत्र्याचा डबा त्यांच्याबरोबर घरी आला आणि घरातलाच एक होऊन बसला. बिजागऱ्या, फाटक, पाण्याचा पंप, मोटरसायकल, सगळ्यांना तेच ग्रीस. काही कुरकुरलं की सासरे डबा काढत. 'तू जपून कुरकुर गं बाई,' असं नवरा तिला पूर्वी गमतीने म्हणायचा.

हल्ली त्याच्या गमती बंद होत्या. प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून तो व्हरांड्यात बसलेला असायचा. गल्लीचा उतार संपतो तिथल्या भिंतीवर तो गाडीसकट आदळला होता. ब्रेक दाबला पण लागलाच नाही, असं त्याचं म्हणणं. सासरे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "दाबला असता तर लागला असता. स्वारीचं लक्षच नसतं!" इतक्यांदा ऐकवलं, की काल जेवताना त्याने बायकोला हळूच विचारलं, "मी दाबला होता का गं? आता माझी मलाच खात्री वाटत नाही."

तिचं डोकंच फिरलं. सकाळी चहा झाल्या झाल्या तिने पान्यांची पेटी उघडली.

आता तिने चाकाच्या आतला ब्रेक लायनर, घासून चाक थांबवणारी ती पट्टी, सासऱ्यांपुढे धरली. "बोट लावून बघा."

बोट काळं, तेलकट झालं.

"पुसायला काय झालं होतं त्याला?" सासरे म्हणाले.

"पुसायचं नंतर. आत आलं कुठून?"

उत्तराची वाट न बघता ती स्वयंपाकघरात गेली आणि जुनं उलथनं तापवून घेऊन आली. त्याच्या एका कडेला तिने सासऱ्यांच्या डब्यातलं ग्रीस लावलं, दुसऱ्या कडेला आपल्या डबीतलं. सासऱ्यांचं तुपासारखं पातळ झालं आणि टपटप खाली गळलं. तिचं होतं तिथेच बसून राहिलं.

"गिरणीत तुमचं चांगलं असेल. इथे चाकाच्या बेअरिंगला लागूनच ब्रेक असतो आणि तो तापतो. ग्रीस वितळलं की थेट लायनरवर, मग ब्रेक घसरणारच. त्यातून तुम्ही भरणार ठासून." तिचा आवाज चढला. "तो दाबत होता, बाबा. भिंत येईपर्यंत दाबत होता."

"मला शिकवतेस? जन्म गेला माझा मशिनांत! एक उलथनं तापवून मला खोटं पाडायला निघालीस?" सासऱ्यांनी डब्याचं झाकण खाडकन बंद केलं. "जोड गाडी. उतारावर थांबली नाही, तर उद्या भंगारात घालतो."

"आणि थांबली तर?"

सासऱ्यांनी डबा काखेत मारला.

तिने बेअरिंग पेट्रोलने धुऊन वाळवलं. नवं ग्रीस बोटाने गोळ्यांच्या मधे दाबून बसवलं आणि उरलेलं फडक्याने पुसून टाकलं. ब्रेकचा ड्रम घासून कोरडा केला, नवे लायनर बसवले, चाक चढवलं, नट आवळला. सासरे डबा घेऊन तिथेच उभे होते. एकही सूचना आली नाही, हेच नवल.

नट आवळून ती उठली, तर व्हरांडा रिकामा. कुबड्या टाकत नवरा फाटकाबाहेर पडला होता.

"कुठे निघालास?"

"भिंतीपाशी उभा राहतो. माझ्यासमोर थांबव."

"अक्कल गहाण टाकलीस काय रे!" सासरे ओरडले. "एकच पाय धड उरलाय!"

तो थांबला नाही. गिलावा उडालेल्या त्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. सासरे डब्यासकट त्याच्यामागे धावले. त्यांनी दंडाला धरून ओढलं, पण तो हलेना.

ती गाडी घेऊन गल्लीच्या वरच्या टोकाला गेली. उतार तिने रोज पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता. तरी तिने गाडी सोडली. भिंत मोठी होत आली, नवऱ्याचा चेहरा दिसू लागला, आणि तिने ब्रेक दाबला.

गाडी पुढून वाकली, टायर करकरला आणि चाक त्याच्या कुबडीपासून हातभर अंतरावर उभं राहिलं.

त्याने डोळे मिटले नव्हते. "मी दाबला होता," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

ती सासऱ्यांकडे वळली. "आता तुमचं भरू का परत? मग तुम्ही उभे राहा इथे."

सासऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि डब्याकडे पाहिलं.

टायरचा आवाज ऐकून समोरची शेजारीण खिडकीत आली. "काय हो, परत आदळला की काय तुमचा मुलगा?"

नवऱ्याने मान खाली घातली. सून मात्र सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"त्याने ब्रेक दाबला होता," सासरे पुटपुटले. "ग्रीस माझं चुकलं."

"काय? गाडीच्या आवाजात कळत नाहीये!"

गाडी बंद करायला सुनेला नुसती किल्ली फिरवायची होती. तिने ॲक्सिलरेटर थोडा पिळला.

"ग्रीस माझं चुकलं!" सासरे ओरडले. वरपासून खालपर्यंत गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.