इस्तो

सानगडीच्या केशरबाईची चूल कधी विझायची नाही, म्हणून रोज सकाळी आळीतल्या बाया गोवरीवर इस्तो न्यायला तिच्याकडे यायच्या. "साऱ्या गावाची चूल पेटवाले बसली का मी?" असं करवादत ती निखारा द्यायची, आणि बाया घटकाभर बोलत टेकायच्या.

मग घरोघरी आगपेट्या आल्या, आणि तिच्या दाराकडे कोणी फिरकेना.

एका सकाळी केशरबाईनं स्वतःच्याच चुलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि गोवरी घेऊन शेजारच्या मनकर्णाचं दार गाठलं. "माही चूल विझली वं. जरासा इस्तो दे."

मनकर्णानं लगबगीनं नवीकोरी आगपेटी आणून तिच्या हातावर ठेवली.



"घ्या काकी. आता तुमाले कोणाच्या दारी यायची गरजच नाही."