मधला कप्पा

“नीट बघा की! उजेडात डोकं कशाला आणताय?” टॉर्च धरून उभ्या आशाबाई नवऱ्यावर डाफरल्या.

बद्रीनाथ गुडघे टेकून फ्रीजमध्ये अर्धे शिरले होते. मधल्या कप्प्याची काच ज्या प्लॅस्टिकच्या कडांवर टेकते, त्या दोन्ही सकाळी मोडलेल्या दिसल्या. नेमक्या आजच! दुपारी लेकीला, मोनिकाला, बघायला पैठणची मंडळी येणार होती. मुलगा कंपनीत कायम झालेला, घरची बागायती शेती, मागणं काही नाही. हे स्थळ हातचं गेलं तर बद्रीनाथांना जन्मभर चैन पडणार नव्हतं.

त्यात मुलाची मावशी चंपाबाई म्हणजे महाअवघड बाई. मुलगी नंतर बघते, आधी स्वयंपाकघर. इथं गारखेड्यातच एका घरी तिनं फ्रीज उघडला, आत शिळ्या भाज्यांचे डबे निघाले आणि तिथल्या तिथं स्थळ मोडलं, असं मध्यस्थ सांगत होता.

“करीमभाईला फोन लावू का? फ्रीज दुरुस्तीचं कामच हाय त्याचं.”

“लावा! म्हणजे पाहुण्यांसाठी डागडुजी चालू हाय हे सगळ्या गल्लीला कळंल. तुम्हालाच जमंल.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘तुम्हालाच जमंल’ हे शब्द बद्रीनाथांच्या कानावर पहिल्यांदाच पडले. गडी खुलला. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या चिकटवायच्या मसाल्याच्या दोन गोळ्या त्यांनी मळल्या आणि मोडलेल्या कडांना थापल्या.

“दुकानदार म्हणला, उद्यापर्यंत वजन ठेवू नका.”

“त्याला काय जातंय म्हणायला? या उन्हात पापड घटकाभरात वाळतोय, हे नाय वाळणार व्हय?” आशाबाईंनी काच बसवली आणि वर बासुंदीचं भरलेलं पातेलं ठेवलं.

“अगं, खाली ठेव की!”

“खाली भाजी हाय. बासुंदी कशी, दार उघडल्या उघडल्या दिसली पाहिजे.”

बद्रीनाथ बाहेरच्या खोलीत गेले, परत आले, दार उघडून बघितलं, पुन्हा गेले. मोनिका परीक्षेच्या पुस्तकात डोकं खुपसून बसली होती.

“ठेव आता ते,” बद्रीनाथ म्हणाले. “साडी नेस बरं.”

पानाला खूण घालून ती उठली.

मंडळी आली. पोहे झाले, प्रश्न झाले. चंपाबाईंनी स्वयंपाकघरात डोकावून ओटा बघितला, डबे बघितले, आणि त्या चक्क हसत परत येऊन बसल्या.

“पोरगी पसंत हाय आम्हाला,” त्या म्हणाल्या. “जरा गार पाणी मिळंल का?”

बद्रीनाथ टुणकन उठले. आशाबाईंनी त्यांची बाही ओढली.

“बसा हो तुम्ही. ताई, घ्या की तुमच्या हातानं. आता परकं काय राहिलंय?”

चंपाबाई आत गेल्या. दार उघडल्याचा आवाज आला. मग काच कोसळली, मग पातेलं, मग चंपाबाईंची किंकाळी. त्या बाहेर आल्या तेव्हा गुडघ्यापासून खाली बासुंदीच बासुंदी होती.

“बोलणीच्या दिवशी दूध सांडलं! नको गं माय, नको हे लग्न. उठा रे सगळे!”

बद्रीनाथांनी हात जोडले, मागं मागं जिना उतरून खाली गेले. जीप निघून गेली. ते वर आले तर आशाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

“घरची कारागिरी! आली ना पोरीच्या नशिबाच्या आड? माणसानं करीमभाईला बोलवावं की नाय?”

बिचाऱ्या बद्रीनाथांना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मध्यस्थाला फोन लावत ते गॅलरीत गेले.

आत मोनिका फरशी पुसत होती.

“आई, बाबा लई खचलेत गं.”

आशाबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पोरीच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

“होतील नीट. तू जा, परीक्षेचं बघ. रविवारी फुलंब्रीचे बघायला येणारेत, त्यांच्या वेळी वरचा कप्पा मोडू.”