काजळीचा दाखला

"पापणी धर," डॉक्टर भगवंतराव म्हणाले, आणि कंपाउंडर शेषरावने काजळीची डावी पापणी चिमटीत धरली. सुई आत गेली तरी घोडी हलली नाही. पार्बताबाईने तिचं तोंड छातीशी धरलं होतं.

अकोल्याला आठवड्याभरात घोड्यांच्या शर्यती होत्या. त्यात जिल्ह्यात ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या रोगाची साथ, त्यामुळे तपासणीचा दाखला नसलेलं जनावर मैदानात शिरणार नव्हतं. म्हणून सरकारी गुरांच्या दवाखान्याचे भगवंतराव बार्शीटाकळीत येऊन राहिले होते. काजळीचा मालक जानराव नाव नोंदवायला अकोल्याला गेला होता. घरी होती त्याची आई, पार्बताबाई.

तपासणी सोपी होती. पापणीत औषध टोचायचं आणि तिसऱ्या दिवशी पाहायचं. डोळा होता तसाच असला, तर घोडं निरोगी. सुजला, तर रोग. आणि रोग म्हणजे गोळी. हे मालकाला आधी सांगायचं नाही, अशी खात्याची रीत होती. सांगितलं की घोडं रातोरात हद्द ओलांडून निजामाच्या मोगलाईत पसार. खात्याचा घोड्यांवर थोडाफार विश्वास होता, मालकांवर अजिबात नव्हता.

"डाक्टरसायेब, डोया फुगन ना?" पार्बताबाईने विचारलं.

भगवंतराव चमकले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? टोचल्यावर काय होते, मले मालूम नाई का?"

भगवंतरावांनी शेषरावकडे डोळे वटारून पाहिलं. शेषराव दुसरीकडेच पाहू लागला.

"परवा पाहू," भगवंतराव म्हणाले.

"हिची माय हिले जनमून मेली. बकरीच्या दुधावर वाढवली म्या. मायी लेकच हाय ते. तिचं काम नीट झालं पाह्यजे, सायेब."

वाटेत भगवंतरावांनी शेषरावला चांगलंच फैलावर घेतलं. शेषराव आईची शपथ घेऊन म्हणाला, "मी एक अक्षर बोललो नाई." मग बाईला कळलं कसं? आणि कळलं असूनही ती आपणहून विचारते कशी? भगवंतरावांना काही उलगडा होईना. आता घोडी पळवतील, या धास्तीत त्यांचे दोन दिवस गेले. पळवली तर नोकरीवर येईल, एवढं खरं. पण पळवली तर बरं, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

घोडी कुठेही गेली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाई दारातच वाट पाहत उभी होती.

"या, या. पाहा आपल्या डोयानं."

काजळीचा डावा डोळा लिंबाएवढा सुजला होता. त्यातून पाणी गळत होतं. भगवंतरावांचं मन खट्टू झालं. त्यांनी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. नाक स्वच्छ, अंगावर गाठ नाही, कातडी काळीभोर आणि तुकतुकीत. घोडी मजेत कडबा खात होती. बदलली तर नाही? त्यांनी कपाळावरचा भोवरा पाहिला, मागच्या पायाचा पांढरा खूर पाहिला, वहीतली नोंद दोनदा वाचली. काजळीच होती, डोळाही डावाच होता.

आणि ही बाई हसत होती.

"ताप नाही, गाठ नाही, नुसता डोळा सुजलेला, असं कधी पाहिलंस?" त्यांनी शेषरावला बाजूला घेऊन विचारलं.

"नाई, सायेब. आपुन पंधरा दिवस थांबू. पुन्हा टोचून पाहू."

भगवंतरावांनाही तेच वाटत होतं. तेवढ्यात पार्बताबाईने लुगड्याच्या पदराने घोडीचा डोळा पुसला आणि त्याच पदराने स्वतःचा चेहरा पुसला. मागच्याच महिन्यात अकोल्याचा घोडी सांभाळणारा एक मोतद्दार घोड्याकडून हा रोग लागून अकरा दिवसांत गेला होता. त्याचे हाल त्यांनी पाहिले होते. ही म्हातारी पंधरा दिवस घोडीपासून लांब राहणार नव्हती. पंधरा मिनिटंसुद्धा राहिली नसती.

त्यांनी गोळीच्या संमतीचा कागद पुढे केला. पार्बताबाईने दोन्ही प्रतींवर खुशीने अंगठा उठवला आणि आपली प्रत ठेवून घेतली.

"आता हिले कोनी अडवनार नाई ना?"

"नाही," भगवंतराव कसेबसे म्हणाले. "आता कोणी अडवणार नाही."

तिने काजळीच्या आयाळीला तेल लावून ठेवलं होतं. आता तिने तिच्या कपाळावर कुंकू लावलं, गुळाचा खडा चारला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा निरोप भगवंतरावांनी पाहिला नव्हता. मालक शिव्या देत, पाया पडत, एकाने तर काठी उगारली होती. या बाईला सगळं ठाऊक आहे आणि तरी ती खंबीर आहे, मग आपण पुन्हा तोंडाने बोलून तिला कशाला छळायचं? "शेषराव हिला नाल्यापलीकडे नेईल," एवढंच ते म्हणाले.

"मी येऊ का नाल्यापावतर?"

"नका येऊ."

"बरं. जाय वं माय. मी रडत नाई."

शेषराव काजळीला घेऊन निघाला. नाल्यापलीकडे बंदूकवाला शिपाई सकाळपासून बसून होता. पार्बताबाईने डॉक्टरांना पाटावर बसवलं, पाणी दिलं. भगवंतरावांनी ते तसंच बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने नाल्याकडून आवाज आला.

"शिकारी असन कोनी," ती म्हणाली आणि अंगठ्याचा कागद घडी करून कमरेला खोचला. मग जवळ येऊन आवाज खाली करत म्हणाली, "आता दाखला हाती आला, काजळी शर्यतीच्या वाटेले लागली, म्हून तुमाले सांगतो, रागवजा नोका. नातीले देवी टोचली तवा फोड आला नाई, तं टोचनाऱ्यानं दाखला नाई देल्ला, तीनदा टोचलं लेकराले. काजळीचा बी डोया दोन दिवस जसाच्या तसा. मंग काल सांजच्याले म्याच त्याच्यावर, फुगला पाह्यजे म्हून, बिब्ब्याचं तेल लावलं."