बाबांच्या आवाजातली गोष्ट

“मॅडम, मंगेश मयेकरांचा करार संपला, त्यामुळे अ‍ॅपवरचं खातंही बंद झालं. त्यातलं आता काही मिळणार नाही,” कंपनीचा माणूस फोनवर हळुवारपणे म्हणाला.

“करार संपला नाही हो, ते गेले,” सुगंधा म्हणाली. “मला फक्त त्यांचा आवाज हवाय.”

तिचा नवरा मंगेश मालवाहू जहाजावर होता. तिथून घरी बोलायला कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप चाले, दुसरं कुठलंच नाही. त्यावर तो चार वर्षांच्या ओवीसाठी रोज माकडाची गोष्ट बोलून पाठवायचा. इंजिनरूममधल्या आगीत तो गेल्यावरही ओवी त्याच गोष्टी ऐकत झोपायची. आज मात्र अ‍ॅप उघडेना.

दिरानं दुपारभर खटपट केली. “वहिनी, ईमेल असती तर कुठल्याही फोनवर उतरवून ठेवता आली असती. हे निरोप त्यांच्या अ‍ॅपबाहेर येतच नाहीत,” म्हणत त्यानं मान खाली घातली.

त्या संध्याकाळपासून सुगंधाच गोष्ट सांगू लागली. ओवी मध्येच अडवायची. “आई, बाबांचं माकड घोरतं!” सुगंधा घोरून दाखवायची. “असं नाही, बाबांसारखं!” ओवी रुसायची. सुगंधाला ते रुसणं हवंहवंसं वाटायचं. लेकीच्या कानात तो अजून होता.

गौरी-गणपती आले, गेले. एका संध्याकाळी माकड कसंही घोरलं, तरी ओवीनं तिला एकदाही अडवलं नाही. “छान होती,” म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.

सुगंधा उठून स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली.