गुबगुबीत अक्षरं

नोटीस बोर्डापुढे पॅकिंगच्या बायका गर्दी करून हसत होत्या. 'शुक्रवारी चार वाजता सर्वांनी हॉलमध्ये जमावे. महत्त्वाची घोषणा!' मजकूर एवढाच. पण अक्षरं अशी गुबगुबीत की 'म'चं पोट पुढे आलेलं, 'क' कमरेवर हात ठेवून उभा आणि अनुस्वार चेंडूसारखा वर उडालेला.

"पार्टीच असणार," त्यांच्यातली अक्का म्हणाली. "कारखान्याला पंचवीस वर्षं होतायत. आणि ही आमच्या भावजयीची अक्षरं आहेत म्हटलं! यातून कधी वाईट बातमी आलीय का?"

भावजय मागेच उभी होती. ती कारखान्याची चित्रकार. आठ वर्षांपूर्वी खेळण्यांच्या खोक्यांसाठी तिनं ही अक्षरं घरच्या टेबलावर ब्रशनं काढली होती. मग कंपनीनं त्यांचा फॉन्ट करून घेतला आणि ती अक्षरं बाहुल्यांवर, भोवऱ्यांवर, अगदी सुट्ट्यांच्या यादीवरही नाचू लागली. ही नोटीस मात्र तिनं केली नव्हती.

ती वर मॅनेजरच्या खोलीत गेली.

"घोषणा कसली आहे, साहेब?"

मॅनेजरनं दार लोटून घेतलं. महिनाअखेरीला पॅकिंग विभाग बंद होणार होता. यंत्रं येणार होती. शुक्रवारी राजीनाम्यांवर बायकांच्या सह्या घेऊन त्यांना मोकळं करायचं ठरलं होतं.

"मुद्दामच तुमचा फॉन्ट वापरला," तो म्हणाला. "साध्या अक्षरात लिहिलं असतं तर आधीच बोभाटा झाला असता. या अक्षरांना कुणी घाबरत नाही. तुम्ही निश्चिंत राहा, तुमची नोकरी पक्की आहे. फक्त शुक्रवारपर्यंत तोंडातून ब्र काढू नका."

"नाही काढत," ती म्हणाली.

ती जिना उतरली. घर तिच्या आणि अक्काच्याच नोकऱ्यांवर चालत होतं. एकीची गेली तर कसंबसं निभलं असतं. दोघींच्या गेल्या तर?

ती तिच्या टेबलापाशी आली. मग तिनं एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, काळा रंग घेतला आणि लिहायला लागली. सवयीनं हात 'प'ला पोट द्यायला निघाला. तिनं तो आवरला. सरळ, उभी, कोरडी अक्षरं काढली: 'पॅकिंग विभाग बंद होणार आहे. शुक्रवारी कशावरही लगेच सही करू नका.' पुठ्ठा ओला असतानाच तिनं तो नोटिशीवर ठोकला आणि तिथंच उभी राहिली.

जेवणाची सुट्टी झाली. सगळ्यांत पुढे अक्का होती. तिनं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा चेहरा उतरला.

"हा कुणाचा आगाऊपणा?" ती कडाडली. "कुणी लिहिलं हे?"

"मी."

अक्कानं हातातला डबा खाली ठेवला.

"मग खरं असणार," ती म्हणाली आणि बाकीच्यांना हाका मारायला वळली.