टोपलीतलं पिल्लू

पिंजऱ्यातला बिबट्या भुलीच्या इंजेक्शनाने निपचित पडल्यावर वनरक्षक संघमित्राने त्याच्या अंगावरून चिप वाचणारा रीडर फिरवला. शेपटीपाशी तो वाजला. डॉक्टर नंबर पाहून म्हणाले, “अगं, ही चिप आपणच बसवलेली. टोपलीतलं पिल्लू!” काही वर्षांपूर्वी ते बोरिवलीच्या पाड्यावरल्या देवलीबाईंना गवत कापताना सापडलं होतं. चिप बसवल्यावर संघमित्रा आणि देवलीबाई दोघींनी ते टोपलीत घालून त्याच जागेवर ठेवलं आणि मादीने उचलून नेलं, तेव्हा देवलीबाईंनी डोळे पुसले होते. गेल्या आठवड्यात फाटक्या कानाच्या ह्याच बिबट्याने त्यांच्यावर झडप घातली. त्यांचा उजवा हात निकामी झाला. आता बिबट्या कायमचा पिंजऱ्यात राहणार होता. बाहेर देवलीबाई थांबल्या होत्या. संघमित्राने काही न लपवता सांगितलं. देवलीबाईंनी विचारलं, “मॅडम, त्याने मला ओळखलं नसेल ना?” “नाही, मावशी. कसं ओळखेल?” “मग माझा त्याच्यावर राग नाही,” म्हणत त्या पाड्याकडे वळल्या.